शांताला घेऊन जालन्याला

पुण्यात आमच्या ओळखीत जालन्याला जाऊन आलेले कुणी नाही. मी निघणार असे कळल्यावर शेजारच्या वहिनींनी "तिकडे मराठी समजते ना?" असे काळजीने विचारले आणि माझ्या भावाने फिरकीचा तांब्या आणून दिला, जणू मी वाळवंटात चालले होते. निजामाचे राज्य गेले, मराठवाडा आपल्या मुंबई राज्यात आला, त्यालाही वर्ष उलटून गेले. तरी पुणेकराच्या मनातला नकाशा अजून नगरलाच संपतो. त्याच्या पलीकडे मी यंदा संक्रांतीनंतर जाऊन आले. जे पाहिले ते न गेलेल्यांसाठी लिहिते आहे.

मी मुलींच्या एका सुधारगृहात प्रोबेशन ऑफिसर आहे. घरून पळालेल्या, चोरी करताना धरलेल्या, नाहीतर नुसत्याच रस्त्यावर सापडलेल्या मुली कोर्ट आमच्याकडे पाठवते. या प्रवासात माझ्याबरोबर शांता होती. वय सोळाच्या आसपास. जन्माचा दाखला नाही म्हणून डॉक्टरांनी दात पाहून ठरवलेले. तिचे नाव शांता ठेवणाऱ्याने तिला जागेपणी पाहिले नसावे. मनमाड स्टेशनावर बिनतिकिटाची सापडली, आमच्याकडे आली आणि भिंतीवरून उडी मारून पळाली. परत आणली, परत पळाली. भांडण नाही, रुसवा नाही. संध्याकाळी सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणायची, आणि सकाळी पाहावे तर अंथरुणाची सुरेख घडी आणि शांता गायब. मग कुठल्यातरी स्टेशनमास्तरचा निरोप यायचा.

तिचा जन्म जाफराबादजवळच्या एका खेड्यातला. आईबाप वारले, चुलता आहे. बाराव्या वर्षीच तिचे लग्न लावून दिले होते आणि सासरहून ती पळाली, एवढेच आमच्या कागदांत होते. कोर्टाने मला सांगितले की चुलता नीट सांभाळणार असेल तर त्याच्या हवाली करा. ते जमत नसेल तर जालन्यात काही माणसे अशा मुलांना आपापल्या घरांत ठेवून घेतात असे कानावर आले आहे, ते खरे का पाहा. दोन्ही फसले तर अठरा पुरी होईपर्यंत तिला मोठ्या संस्थेत ठेवावे लागेल. त्या संस्थेची भिंत मी पाहिली आहे. तिच्यावर काचा लावलेल्या आहेत.

छोटी गाडी

मनमाडला आम्ही छोट्या रुळांच्या गाडीत बसलो. इथून पुढे बाई मी आणि मुलगी शांता, हा क्रम उलटा झाला. या मार्गावरची तिला न ठाऊक असलेली गोष्ट नव्हती. "लासूरला भजी घ्या बाई, ताजी असतात. औरंगाबादला तांब्या भरून घ्या. पुढं मंग नळाचा भरवसा न्हाई." तिकीट तपासनीस डब्यात आला तेव्हा ती सवयीने बाकाखाली सरकू लागली आणि मी तिच्या हातात तिकीट दिले, तशी जागच्या जागी ताठ बसली.

"तिकीट काढून बसलं की कसंतरीच वाटतं," ती म्हणाली.

"का गं?"

"कुठं उतरायचं ते आधीच ठरून जातं."

खिडकीबाहेर मैलोन् मैल ज्वारी उभी होती. मधूनच दौलताबादचा डोंगर दिसला. मी इतिहास सांगू लागले. शांता भजी संपवू लागली. मी तिचा हात धरून ठेवला नव्हता, पण प्रत्येक स्टेशनावर माझे लक्ष तिच्या पायांकडे जात होते, आणि ते तिला कळत होते. बदनापूर गेल्यावर ती हसून म्हणाली, "आता झोपा बाई. मी जालन्यापर्यंत हाये."

कुंडलिकेपलीकडे

जालना स्टेशन जुन्या जालन्यात आहे. बाहेर पडले तो हवेत कापूस. खरोखरच हवेत: जिनिंगच्या आवारांतून पुंजके उडत होते, टांगेवाल्याच्या दाढीत अडकले होते, घोड्याच्या आयाळीत अडकले होते. कापसाने शीगोशीग भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि गाडीवान चाकांच्या सावलीत भाकरी खात बसले होते. टांगा कुंडलिका ओलांडून नव्या जालन्याच्या गल्ल्यांत शिरला. नदीत पाणी घोटाभर, आणि घोटाभर पाण्यात धुणे मात्र गावभराचे.

आम्हाला धापूबाईंकडे जायचे होते. मुलांना घरोघरी ठेवतात ते काम याच बाई पाहतात, एवढे मला कळले होते आणि शांताविषयी मी त्यांना आधी पत्र टाकले होते. मारवाडातून कितीतरी पिढ्यांपूर्वी आलेले हे घर. पुढे कापडाचे दुकान, मागे चौक आणि लांबलचक ओसरी. धापूबाई पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, डोक्यावर ओढणी, हातांत चांदीची जाड कडी. मी ओळख करून द्यायला तोंड उघडले तर त्या म्हणाल्या, "पैले जेवन. बोलनं कुठं पळून जातं का?" मग शांताकडे बघून, "हिच्याबद्दल मी न्हाई सांगत." शांता खो खो हसली. पुण्यात आम्ही कुणी तिच्या पळण्यावरून थट्टा केली नव्हती. आमच्याकडे तो फार गंभीर विषय होता.

जेवायला दाल-बाटी होती. बाटी म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा. तो फोडून तुपात बुडवतात, आणि बुडवतात म्हणजे पुण्यात वरणावर तूप 'दाखवतात' तसे नव्हे. दुसऱ्या बाटीला मी हात आडवा केला, तर धापूबाईंनी तो हात बाजूला सारून बाटी वाढली. आमच्याकडे पाहुण्याचे 'नको' हे नको असते. इथे ती फक्त बोलायची पद्धत आहे.

जेवणानंतर मी कागद काढले आणि विचारले, "तुमची संस्था कुठे आहे?"

"हीच की," त्यांनी ओसरी दाखवली.

"आणि मुले राहतात कुठे?"

"लोकायच्या घरात."

"कंपाउंडची भिंत वगैरे?"

"भिंत कायको पायजे बाई? घराला दार असतं, तेवढं पुष्कळ झालं."

मी कागद मिटले. हळूहळू सगळी हकिगत कळली. रहीमखाँ नावाचे जमादार निजामाच्या पोलिसांत होते. पोलीस अॅक्शननंतर त्यांची नोकरी सुटली, पण फिरतीची सवय काही सुटली नाही. त्या गडबडीच्या दिवसांत स्टेशनावर पोरकी मुले पुष्कळ. मोठ्या चोरांबरोबर त्यांनाही कोठडीत टाकत, ते जमादारांना बघवेना. ते एकेकाला हाताला धरून धापूबाईंच्या ओसरीवर आणू लागले, कारण सगळ्या गल्लीत त्या वेळी चूल पेटलेली याच घरात असे. मुले वाढली तशी धापूबाईंनी ती वाटून टाकली. एक लोहाराकडे, एक शिंप्याकडे, एक वडीगोद्रीला एका शेतकऱ्याकडे. एक मुलगी सुइणीकडे शिकायला. जो ठेवून घेईल त्याने घरच्यासारखे जेवू घालायचे आणि घरच्यासारखे कामाला लावायचे. गावात असतील त्यांनी रोज संध्याकाळी ओसरीवर यायचे, बाहेरगावच्यांनी बाजाराच्या दिवशी. एवढाच नियम.

संध्याकाळी ती मंडळी आली. तरणीताठी मुले, परकरातल्या मुली, त्यांना ठेवून घेणारी माणसेही. सरकारी दवाखान्यातला एक कंपाउंडर खरजेचे मलम आणि हिवतापाच्या गोळ्या घेऊन बसला. कुणी वाचायला शिकत होते. लोहार आणि त्याच्याकडचा मुलगा यांचे भांडण चालले होते. धापूबाईंनी दोघांचेही ऐकून दोघांनाही रागावले. जमादार मला माहिती देत होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, कोटाची सगळी बटणे लावलेले. "ती कुंभाराकडची पोर बघा बाईसाब. आल्ती तवा बोलतच नव्हती. पावसाळा गेला, दिवाळी गेली, एक लफ्ज न्हाई. मंग एक दिवस कुंभाराचं गाढव ओल्या मडक्यायवर चढलं, तर अशी शिवी दिली गाढवाला, बिलकुल साफ. आम्ही सगळे लई खूश झालो."

"आणि मुले पळून गेली तर?" मी विचारलेच.

"पळतात ना," धापूबाई म्हणाल्या. "परत बी येतात. न आलं कुणी तर जमादार बघून येतात, जिवंत हाये का म्हणून. तेवढं तर आईबाप बी करतात."

हे सगळे ऐकायला गोड होते. पण मी सरकारी बाई. कोर्टाला मी काय सांगणार, की तिथे भिंत नाही पण गाढव आहे? आणि कोर्टाचा हुकूम आधी चुलत्याकडे जाण्याचा होता. शांताला ओसरी आवडली असावी, कारण सकाळी निघताना ती धापूबाईंच्या सुनेला फुलके लाटायला मदत करत होती आणि दोनदा हाक मारली तरी उठली नाही.

जाफराबादच्या वाटेवर

जाफराबादची मोटार केव्हा सुटते असे विचारले तर "भरली की" असे उत्तर मिळते. आत माणसे, टपावर माणसांचे सामान, आणि सामानात एक बोकड. वाटेत भोकरदनला कुणीतरी माझी वळकटी आपली समजून उतरवून घेतली आणि तिच्या जागी स्वतःचे कांद्याचे पोते ठेवून गेला. मी पुण्याच्या रीतीने कंडक्टरला नियम सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बराबर हाये बाई. कांदे चांगले हायेत पण."

जाफराबाद हे नदीकाठचे लहानसे गाव. एक जुनी गढी, एक बाजारपेठ, आणि चहाच्या दुकानापुढे मोटारीची वाट पाहणारी माणसे. मी पत्राने कळवले होते, त्यामुळे शांताच्या चुलत्याची बैलगाडी तिथे आम्हाला न्यायला आली होती. चुलत्याचे नाव नामदेवराव. धोतर, पटका, बोलणे मऊ. त्यांनी शांताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटले, झाले काम. कांद्याचे पोते मी त्यांनाच देऊन टाकले.

घर मातीचे, सारवलेले, स्वच्छ. चुलती कोंडाबाई पदर कपाळावर ओढून चुलीपुढे बसली होती. तिने शांताला एकदा जवळ घेतले आणि पुन्हा भाकरी थापू लागली. त्यांची मुलगी सुमन चौदा वर्षांची. ज्वारीची पातळ भाकरी, पिठले, आणि मिरचीचा ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा सुमनने न सांगता दह्याची वाटी पुढे सरकवली. वळकटी नव्हती म्हणून कोंडाबाईने स्वतःची गोधडी मला दिली. पुण्यात परक्या बाईला स्वतःचे पांघरूण कुणी दिले असते का, याचा विचार करता करता झोप लागली.

हुरडा

सकाळी नामदेवराव म्हणाले, "बाई, आमच्याकडं आल्या आन् हुरडा न खाता गेल्या, असं होनार न्हाई."

ज्यांनी हुरडा खाल्लेला नाही त्यांची मला कीव येते. मीही त्यांच्यातलीच होते. ज्वारीची कोवळी कणसे शेतातच गोवऱ्यांच्या आरात भाजतात, गरम गरम हातावर चोळतात, आणि हिरवट, दुधाळ दाणे आपल्या पुढ्यात पडतात. बरोबर गूळ, लसणाची चटणी आणि दही. आजूबाजूला कमरेच्या वर ज्वारी आणि त्यात पाखरे. नामदेवराव कणसे चोळत होते आणि सांगत होते, "पोरगी आमचीच हाये. ठेवतो की. तुम्ही बिनघोर जा." मी मान डोलवत होते आणि खात होते. शांता आणि कोंडाबाई मागून दही घेऊन येणार होत्या. दही आले, ते सुमन घेऊन आली.

"शांता कुठे?" मी विचारले.

"घरी," सुमन म्हणाली आणि बापाकडे न बघता खाली बसली.

आम्ही घरी परत गेलो तर अंथरुणाची सुरेख घडी होती.

हुरडा पोटात असल्याची लाज वाटली. नामदेवरावांचा मऊ आवाज पार बदलला. "कुठं गेली ती? उद्या सोयरे येनार हायेत तिला न्यायला," असे त्यांच्या तोंडून गेले. कोणते सोयरे, हे मी विचारायच्या आत ते माणसे गोळा करायला वेशीकडे धावले.

मी नदीकडे जायला वळले, तेवढ्यात कोंडाबाईने मला गोठ्याच्या आडोशाला ओढले. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी एक वाक्यही बोलली नव्हती.

"धुंडू नका बाई. मीच धाडली. शेजारच्याची गाडी जाफराबादला चालली होती, तिच्यात बसवून दिली. मोटारीनं जालन्याला जाईल. भाकरी बांधून दिली."

"अहो, पण का?"

"हे तिला सासरी घालनार होते. कबूल करून बसलेत. आमची सुमन त्याच घरात द्यायची ठरवून राह्यलेत, धाकट्या लेकाला. ते लोक म्हनले, आधीची पळालेली आनून द्या, मंग दुसरीचं बघू." तिने वेशीकडे नजर टाकली. "तिच्या पाठीवरचे डाग तुम्ही पाह्यले असतील."

मी पाहिले होते. आमच्या डॉक्टरांनी 'भाजल्याचे जुने डाग' असे लिहिले होते आणि शांताने चुलीवर पडले असे सांगितले होते. मी ते तसेच पुढे पाठवले होते.

"आता ह्ये मला मारतील," कोंडाबाई साध्या आवाजात म्हणाली. "मारू द्या. पन तुम्ही त्यास्नी सांगू नका का मी धाडली म्हनून. सुमनचं अजून व्हायचंय."

मी तिचा हात धरला आणि शब्द दिला. गावाचे नाव मी इथे दिलेले नाही आणि त्या घरातल्या सगळ्यांची नावे बदलली आहेत, ते त्यासाठीच.

परतीची मोटार

नामदेवरावांनी दिवसभर विहिरी, मळे, नदी सगळे पालथे घातले. त्या दिवशी मोटार राहिली नव्हती. दुसऱ्या सकाळी मी जालन्याला निघाले आणि तेही माझ्याबरोबर निघाले. त्यांना खात्री होती की शांता मलाच कुठे तरी गाठणार. मला तशी खात्री नव्हती. तिच्यापुढे जालन्याचे स्टेशन होते, छोटी गाडी होती, आणि तिला तपासनिसाचे वेळापत्रक पाठ होते.

मोटारीत नामदेवराव आणि मी शेजारी शेजारी, एकमेकांवर रागावून बसलो. मी रागाने खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी रागानेच मला खिडकीची जागा दिली होती. भोकरदनला त्यांनी भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि न बोलता अर्ध्या माझ्या पदरात ओतल्या. भांडण चालू असताना अर्ध्या शेंगा देणे हे मी पुण्यात पाहिलेले नाही.

शेंगा संपत आल्यावर ते म्हणाले, "मला सांगा बाई, लग्न लावलेली पोरगी घरी ठेवली तर माझ्या पोरीला कोन करनार?"

"तिच्या पाठीवर काय आहे, ठाऊक आहे?"

त्यांनी धोतरावरची टरफले झटकली. मग म्हणाले, "मी तिचा चुलता हाये. पाठ कशी बघनार?"

ते खरेच होते.

शांता कुठे

धापूबाईंच्या ओसरीवर शांता नव्हती. ती आलीच नव्हती. धापूबाईंचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झालेला मी पाहिला. दुकानातला माणूस स्टेशनाकडे पाठवला. मी चौकात उभीच राहिले. नामदेवराव उंबऱ्यापाशी टेकले, दोन्ही हात डोक्याला लावून. राग गेला होता, नुसती भीती राहिली होती.

तेवढ्यात जमादारांच्या घरून निरोप आला: बाईसाब आल्या असतील तर इकडे पाठवा, एक फिर्याद आहे.

जमादारांचे घर दोन गल्ल्या पलीकडे. अंगणात बाजेवर शांता बसली होती आणि जमादारांची बायको तिच्या केसांना तेल लावत होती. जमादार खुर्चीवर, कोटाची सगळी बटणे लावून.

"कल शाम को आली," ते मला म्हणाले, मग मराठीवर आले. "सीधी दारात उभी राह्यली. म्हणते, जमादारसाब, मी पळून आले, लिहून घ्या. मी म्हटलं, बेटी, मी आता पोलीस न्हाई. म्हणते, मंग चहा तरी द्या. मंग बसवली. सकाळी धापूबाईकडं निरोप धाडनारच होतो, तर म्हणते, बाई येऊ द्या आधी."

"तू धापूबाईंकडे का गेली नाहीस?" मी शांताला विचारले.

"तिथं गेले असते तर तुम्ही म्हनल्या असत्या, लपून बसली," ती म्हणाली. "इथं मी सांगून आलेय. ह्याला पळनं म्हनतात का बाई?"

मी म्हटले, "नाही, याला पळणे म्हणत नाहीत." आणि मग मी तिला विचारायला हवे होते ते विचारले, पाठीविषयी. तिने जमादारांच्या बायकोचा हात धरून ठेवून सगळे सांगितले. ते इथे लिहिण्याजोगे नाही. माझ्या मागोमाग आलेले नामदेवराव उंबऱ्यात उभे होते आणि त्यांनी ते ऐकले.

ओसरीवर

संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले. नामदेवरावांना धापूबाईंनी आधी जेवू घातले. त्यांनी हात आडवा केला. मी त्यांना खुणेने सांगितले की उपयोग नाही. मग मी जे माझे काम होते ते केले. म्हटले, एवढ्या लहानपणी लावलेल्या लग्नाला कायद्याने मनाई आहे, मुलगी कोर्टाच्या ताब्यात आहे, आणि तिला सासरी नेण्याचा हक्क आज कुणालाही नाही.

"ते समजलं," नामदेवराव म्हणाले. "पन मी त्यास्नी काय सांगू? कबूल केलंय मी. गावात राह्यचंय मला."

लोहार म्हणाला, पोरगी सापडलीच नाही म्हणा. धापूबाई म्हणाल्या, खोटे कशाला? बराच वेळ गडी आणि बायका सगळेच त्या एका माणसाची अडचण सोडवायला बसले. आमच्या सुधारगृहात मुलीच्या चुलत्याला आम्ही फाटकावर उभे करून दोन मिनिटांत वाटेला लावतो. इथे तो मुलीइतकाच त्यांच्या पदरी पडला होता.

शेवटी जमादार खाकरले. "माझं नाव सांगा. म्हणा, रहीमखाँ जमादारानं धरून ठेवली, सोडत न्हाई. जबाबदारी माझी."

"पन तुम्ही तर रिटायर झाले," नामदेवराव म्हणाले.

"ते तुमच्या सोयऱ्यायला कुठं मालूम?"

ओसरीवर हसू पसरले. नामदेवरावही हसले आणि मग पटक्याच्या शेवाने डोळे पुसले. शांता उठून त्यांच्यापुढे जाऊन बसली. "काका, सुमनला नका देऊ तिथं," ती म्हणाली. बाकी काही नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "न्हाई देत," म्हणाले. ते त्यांनी पाळले. धापूबाईंचा मुनीम मालाच्या खरेदीसाठी पुण्याला आला तेव्हा त्याच्याकडून कळले की ती सोयरीक मोडली. सोयऱ्यांनी जमादारांच्या नावाने गावभर शिव्या दिल्या. जमादार खूश आहेत.

शांताला कुणी ठेवून घ्यायचे यावर वाद झाला. सुईण मागत होती, शिंपीण मागत होती. जमादारांच्या बायकोने बरोबर आणलेली तेलाची वाटी उचलली आणि म्हणाली, "अर्धं डोकं राह्यलंय अजून," आणि शांताला घेऊन घरी गेली. वाद तिथेच मिटला. कोर्टाला मी लिहिले की योग्य घर मिळाले आहे. भिंतीचा रकाना कोरा सोडला.

निरोप

निघायच्या दिवशी टांगा जमादारांच्या दारात आला. शांता पिठाच्या हातांनी बाहेर आली. मला वाटले होते ती स्टेशनापर्यंत येईल. मी तिच्यासाठी टांग्यात जागाही केली.

"मी न्हाई येत बाई," ती म्हणाली.

"अगं, मला सोडायला."

"स्टेशन नको. गाडी दिसली का माझे पाय जागेवर राहत न्हाईत. अजून न्हाई भरवसा." तिने खाली स्वतःच्या पायांकडे बघितले. "इथंच करते नमस्कार."

तिने वाकून नमस्कार केला. माझ्या पायांना थोडे पीठ लागले. आतून जमादारांच्या बायकोने भाकरी करपतेय म्हणून हाक मारली. माझ्या दोन हाकांनाही न उठलेली शांता पहिल्या हाकेला वळली आणि आत गेली. मी गल्लीच्या वळणापर्यंत मागे पाहत होते, पण दारात ती पुन्हा आली नाही.